पाहुण्यांच्या गर्दीत मांजराची एक खोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाची, आरक्षणाची, घर बंद करून जाताना घ्यायच्या काळजीची माहिती वर्तमानपत्रांतून भरभरून येते आणि ती उपयोगीही असते. मात्र जे सुट्टीत कुठेही जात नाहीत, ज्यांच्याकडेच सगळे जमतात, त्यांच्या घरातल्या एका सदस्याविषयी कधी काही वाचनात येत नाही. हा सदस्य म्हणजे पाळलेले मांजर. कुत्रा असला तर ‘चावतो का हो?’ असे पाहुणे निदान दारातून तरी विचारतात. मांजराबद्दल कोणी काही विचारत नाही, कारण मांजर आपले आपण राहते, त्याला कोणाचे काही पडलेले नसते, अशी सर्वांची पक्की समजूत असते. ही समजूत गेल्या सुट्टीत आम्हाला महागात पडली. तो अनुभव, त्यानंतर पशुवैद्यांनी समजावून सांगितलेल्या गोष्टी आणि मी स्वतः वाचून पडताळलेली माहिती यांच्या आधारे एकच म्हणणे आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मुक्कामाला पाहुणे येणार असतील तर घरातली एक खोली, खोली शक्य नसेल तर निदान एक बंद होणारा कोपरा, मांजरासाठी राखून ठेवावा आणि तसे पाहुण्यांना ते येण्याआधीच सांगून टाकावे. असे सांगण्यात पाहुण्यांचा कोणताही अवमान होत नाही, हे मला पाच दिवस उशिरा कळले.

आमच्याकडे मनी नावाची सात वर्षांची मांजरी आहे. एरवी घरात माणसे तीन : सासूबाई, माझे पती आणि मी. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे घराला वेळापत्रक आहे आणि त्याची माझ्याहून कडक अंमलबजावणी मनी करते. सकाळी ठरल्या वेळी वाटी भरली नाही तर ती वाटीशेजारी बसून माझ्याकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मी स्वतः तीस वर्षे वर्गात वापरली आहे. गेल्या सुट्टीत नणंद, तिचे यजमान व त्यांची दोन मुले, आणि दीर, जाऊबाई व त्यांची मुलगी असे सात जण आठ दिवसांसाठी आले. बऱ्याच वर्षांनी सगळी भावंडे एकत्र येणार म्हणून आदल्या आठवड्यात मी घर अगदी लख्ख करून टाकले. पडदे, चादरी, सोफ्याचे अभ्रे, इतकेच काय मनी ज्या जुन्या शालीवर झोपते ती शालसुद्धा धुऊन काढली. न्हाणीघराबाहेरच्या बोळात तिचा लिटरचा ट्रे, म्हणजे शी-शू करण्यासाठीचा वाळूचा ट्रे, असे. पाहुण्यांना सकाळी तिथूनच ये-जा करावी लागणार आणि ते बरे दिसणार नाही, म्हणून मी तो उचलून गॅलरीत धुलाई यंत्राच्या मागे नेऊन ठेवला. मनीने तो तिथे एकदा हुंगला आणि ती निघून गेली. ‘सवय होईल’ असे म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

मांजराच्या गालांत, हनुवटीखाली आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल घासते तेव्हा लाडात येण्याबरोबरच ते त्या वस्तूवर स्वतःचा गंध लावत असते. आपल्या नाकाला हा गंध कळत नाही, पण मांजराच्या लेखी ही घरभर लावलेली नावाची पाटी असते. मी आठवड्याभरात ती पाटी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून टाकली आणि लगोलग त्या बिनवासाच्या घरात सात नव्या माणसांचे, त्यांच्या चपलांचे आणि बॅगांचे वास आणून सोडले. त्यात आवाजाची भर पडली. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराचे कान ६०,००० हर्ट्झच्याही वरचे आवाज टिपतात, कारण उंदराच्या पिलांची चिवचिव त्या पट्टीत असते. शिकारीसाठी मिळालेले हे कान बैठकीच्या खोलीत एकाच वेळी बोलणाऱ्या दहा माणसांपुढे आणि फरशीवर ओढल्या जाणाऱ्या बॅगांच्या चाकांपुढे काय सोसत असतील, याचा मी तोवर विचारही केला नव्हता.

पाहुणे आले त्या क्षणी मनी कपाटाखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. ‘अगं वहिनी, किती माणूसघाणी आहे ही!’ नणंद हसत म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, मीच ओशाळले. आपल्या घरातले कोणीतरी पाहुण्यांसमोर आले नाही याची यजमानाला जी लाज वाटते ती मला वाटली, आणि लाज झाकण्यासाठी मी जे केले त्याची आज खरोखर शरम वाटते : कपाटाखाली हात घालून मी मनीला ओढून बाहेर काढले आणि पाच वर्षांच्या भाच्याच्या मांडीवर ठेवले. ती क्षणभर दगडासारखी बसली. कान मागे, शेपटीचे टोक तेवढे हलत होते. भाच्याने दोन्ही हातांनी तिला मिठी मारली मात्र, त्याच्या मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या. रडारड झाली, सगळ्यांनी मनीला दटावले, आणि मलाही दटावताना लाज वाटली नाही. रागवायचे होते ते माझ्यावर. मांजर शेपटी आपटते, कान पाडते, अंग आकसून घेते, हे त्याचे सांगणेच असते. मोठ्यांना ते वाचता येत नाही आणि मुलांना वाचायला कोणी शिकवत नाही.

त्या ओरखड्याबद्दल जाता जाता सांगते. मांजर नखाने ओरखडो वा चावो, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराचा दात सुईसारखा बारीक असल्यामुळे वरून जखम नगण्य दिसते आणि आत जंतू खोलवर गेलेले असतात. रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो, त्यामुळे मांजराच्या लसीकरणाचे कार्ड पाहुणे येण्याआधीच शोधून हाताशी ठेवावे. आम्ही ते रडारडीत अर्धा तास शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नणंदेच्या उघड्या बॅगेतल्या कपड्यांवर मनीने लघवी केलेली आढळली. हा प्रसंग किती अवघड होता हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना सांगायला नको. तो वास एका धुण्यात जात नाही. नणंदेने मोठ्या मनाने ‘राहू दे गं’ म्हटले, पण जेवताना कोणीतरी ‘सूड उगवला बरं का तिने’ असे म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले. सूड ही कल्पना मांजराच्या डोक्यात बसणारी नाही, हे मला पुढे पशुवैद्यांनी सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न मनीच्या स्वभावाविषयी नव्हताच. त्यांनी विचारले, ‘ट्रे कुठे आहे?’ मी गॅलरीचे सांगितले. दुसरा प्रश्न होता, ‘ज्यांची बॅग होती, त्यांच्याकडे एखादे जनावर आहे का?’ नणंदेकडे कुत्रा आहे. म्हणजे एकीकडे तिची जागा एका धडधडणाऱ्या यंत्रामागे हलवलेली, तिथे पोहोचायचे तर बैठकीच्या खोलीतून सात माणसांच्या पायांमधून जावे लागणार, आणि दुसरीकडे घराच्या मधोमध कुत्र्याच्या वासाने भरलेली मऊ कपड्यांची बॅग उघडी. इतके सगळे जुळून आल्यावर तिने आणखी काय करायला हवे होते?

या ठिकाणी एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, तीही कोणताही जंतुसंसर्ग नसताना, आणि मग ते भलत्याच जागी, थोडी थोडी, कधी रक्तमिश्रित लघवी करू लागते. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरांत हा विकार चांगलाच आढळतो आणि पाहुण्यांची वर्दळ, सामानाची हलवाहलव ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. मांजरीत तो बहुधा त्रासावर निभावतो. बोक्यात मात्र मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे लघवी पूर्ण अडू शकते आणि तसे झाले तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, कुंथत असेल आणि ट्रे कोरडा राहत असेल, तर पाहुणे गेल्यावर बघू असे म्हणण्याची ती वेळ नसते. खाण्याचेही तसेच आहे. बिचकलेले मांजर एक वेळ जेवले नाही तर चालते, पण दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, विशेषतः ते अंगाने जाड असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते. दहा माणसांच्या घरात मांजराची वाटी कोणी भरली, ती कोणी रिकामी केली, की भाच्याने त्यातले खाणे खेळता खेळता इकडेतिकडे टाकले, याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. आमच्याकडे प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्या कोणीतरी मनीला जेवायला घातले असेल.

पाचव्या रात्रीचा प्रसंग घडला नसता तर बहुधा हे पत्रही लिहिले गेले नसते. झोपायची वेळ झाली, अंथरुणे कमी पडली, म्हणून कोणीतरी आतल्या खोलीतल्या दिवाणाची फळी उचलून कप्प्यातल्या दोन गाद्या काढल्या आणि फळी पुन्हा बंद केली. सकाळी सहाला वाटी भरली तरी मनी आली नाही. साडेसहाला घरभर हाका झाल्या. सात वाजता पती जिना उतरून गाड्यांच्या खाली वाकून पाहत होते, दीर गच्चीवर गेले होते, भाचा मोठ्याने रडत होता की आपण तिला मिठी मारली म्हणूनच ती गेली. बाहेरचे दार रात्री उघडे राहिले होते का, यावरून दोन जावांत (त्यातली एक मी) थोडे चढ्या आवाजात बोलणेही झाले. या सगळ्या गोंधळात सासूबाई अंथरुणात बसूनच होत्या. त्यांनी एवढेच विचारले, ‘रात्री गाद्या कुठून काढल्या?’

दिवाण उघडला तेव्हा मनी कप्प्याच्या दूरच्या कोपऱ्यात, दोन रजयांच्या मध्ये, चारही पाय पोटाखाली घेऊन बसलेली होती. बुबुळांचा रंग दिसू नये इतक्या तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. आम्ही दहा जण तासभर तिच्या नावाने ओरडत होतो आणि ती आमच्यापासून हातभर अंतरावर असूनही एकदाही ओरडली नव्हती. घाबरलेले मांजर गप्प राहते. जे स्वतः शिकारी आहे आणि दुसऱ्याची शिकारही होऊ शकते अशा लहान प्राण्याला संकटात आवाज न करणेच शहाणपणाचे असते. आम्ही सगळे मागे सरलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, पोट जमिनीला टेकवून भिंतीच्या कडेकडेने निघाली, पाण्याच्या वाटीपाशीही न थांबता न्हाणीघराबाहेरच्या बोळात गेली आणि जिथे पूर्वी तिचा ट्रे असायचा, त्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिली. तिने तिथे काहीही केले नाही. ती नुसती उभी राहिली आणि फरशी हुंगत राहिली. माझ्या पतींनी काही न बोलता गॅलरीतून ट्रे आणून तिच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी तिला तपासायला नेले तेव्हा पशुवैद्यांनी कप्प्यात डांबरगोळ्या होत्या का हेही विचारले. त्या होत्या, पण सुदैवाने जुन्या व जवळजवळ विरून गेलेल्या. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करते, हे मला ठाऊक नव्हते. ठेवणीतली अंथरुणे वर्षातून एकदा पाहुण्यांसाठी बाहेर निघतात आणि मांजराला नेमके अशाच उबदार ढिगात शिरायला आवडते, हे लक्षात घेऊन कप्पा, कपाट, धुलाई यंत्र बंद करताना आत हात फिरवून पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, लावून घ्यायला हवी.

मग उरलेल्या तीन दिवसांसाठी आम्ही सासूबाईंची खोली मनीला दिली. ‘दिली’ म्हणण्यापेक्षा सासूबाईंनी ती वाटून घेतली. खोलीच्या एका कोपऱ्यात ट्रे, त्याच्या अगदी समोरच्या कोपऱ्यात पाणी व खाणे (ट्रेशेजारी वाटी ठेवलेली मांजराला आवडत नाही, आणि आपल्यालाही आवडली नसती), खिडकीपाशी चढून बसायला एक उंच स्टूल, आणि पलंगाखाली एका बाजूने कापलेले पुठ्ठ्याचे खोके. त्या खोक्यात मी माझी न धुतलेली साडी घातली, कारण तिची शाल मी आधीच धुऊन बसले होते. नियम एकच : मनी या खोलीत असेपर्यंत तिला कोणी उचलायचे नाही, हाक मारायची नाही, डोकावून पाहायचे नाही; ती आपण होऊन बाहेर आली तर मात्र सर्वांची. पहिल्या दिवशी ती खोक्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडलेले असताना ती बैठकीच्या खोलीत आली, एकेकाच्या पायाचे तळवे हुंगत गेली आणि दिरांच्या, ज्यांना मांजरे मुळीच आवडत नाहीत त्यांच्या, पोटावर चढून बसली. यात नवल काहीच नाही. ज्यांना मांजर आवडते ते त्याच्याकडे टक लावून पाहतात, हात पुढे करतात, चुचकारतात. ज्याला आवडत नाही तो मुकाट पडून राहतो आणि दुसरीकडे पाहतो. मांजराच्या शिष्टाचारात टक लावून पाहणे ही धमकी असते. त्यामुळे त्या खोलीत तिला सगळ्यांत सभ्य माणूस दीरच वाटले असणार.

मुलांना नियम घातले की मुले हिरमुसतात, असा आक्षेप माझ्या जाऊबाईंनी घेतला होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. लांब राहा, हात लावू नकोस, एवढेच ऐकवत राहिले तर मुलाला मांजराची ओढ वाटण्याऐवजी अढीच बसेल. यावर आम्हाला उपयोगी पडले ते ब्रिटनमधील ससेक्स व पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन. मांजराकडे पाहून माणसाने डोळे हळूच बारीक केले आणि सावकाश मिटले, तर मांजरही तसेच डोळे मिटून उत्तर देते आणि अनोळखी माणसाकडेही यायला अधिक तयार होते, असे त्यांना आढळले. मी हे भाच्याला खेळ म्हणून शिकवले. तो दाराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसे, मनी खोक्यात, आणि दोघे एकमेकांकडे पाहून झोप आल्यासारखे डोळे मिटत. पाच वर्षांचे मूल वीस मिनिटे एका जागी बसलेले त्याच्या आईने त्यापूर्वी पाहिले नव्हते. जायच्या आदल्या संध्याकाळी मनीने त्याच्या गुडघ्याला गाल घासला. तिने तुझ्यावर आपले नाव लिहिले, असे मी त्याला सांगितले, तर त्याने रात्री पाय धुवायला नकार दिला.

खेळण्यावरून आठवले. दोरा, रिबीन, लोकर, रबरबँड या वस्तूंनी मांजर खेळताना गोड दिसते, पण खेळ संपला की त्या उचलून बंद ड्रॉवरमध्ये ठेवल्याच पाहिजेत. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो आणि आतड्यांत अडकून ती गोळा होतात किंवा कापली जातात. तोंडातून वा मागून दोऱ्याचे टोक दिसले तरी ते ओढू नये, तसेच दवाखान्यात न्यावे. भेटवस्तूंच्या कागदाबरोबर येणाऱ्या रिबिनी सुट्टीत घरभर पडलेल्या असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

खाऊ घालण्याच्या हौसेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात वादाला जागा नाही. मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींत कितीही घट्ट असली तरी बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. कांदा, लसूण व चॉकलेट विषारी. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी असते. पाहुण्यांच्या उशाशी ठेवलेल्या औषधांच्या पट्ट्या त्यासाठी उंचावर व बंद हव्यात. कोणी पुष्पगुच्छ आणला आणि त्यात लिलीची फुले असली तर आभार मानून ती घराबाहेर काढावीत; त्या फुलांचे पराग अंगावर पडून चाटले गेले, अगदी फुलदाणीतले पाणी प्यायले गेले, तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होते. भाच्याने मनीला गोड खाऊ दाखवून भुलवण्याचा प्रयत्न केला होता तो मात्र निष्फळ ठरणारच होता, कारण मांजराला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारे त्यांच्यातील एक जनुक निकामी झालेले आहे, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मधुमेह जडल्यापासून माझ्या पतींना मनीचा याबाबतीत हेवा वाटतो.

आता पाहुण्यांची बाजू. ती मांडली नाही तर हे पत्र एकांगी होईल. ज्याला मांजराची अॅलर्जी आहे त्याने ‘चालवून घ्यावे’ अशी अपेक्षा करणे हा यजमानाचा दुराग्रह आहे. ही अॅलर्जी केसांची असते असे समजून अनेकजण केस झाडून काढतात आणि काम झाले म्हणतात. प्रत्यक्षात ती मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनांची असते. ते प्रथिन धुळीबरोबर गाद्यांत, पडद्यांत जाऊन बसते आणि मांजर खोलीतून बाहेर काढल्यावरही कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही, तिथे राहते. म्हणजे दम्याचा त्रास असलेल्या पाहुण्याला ऐनवेळी मांजराला हुसकून दिलेली खोली देण्यात काही अर्थ नाही. आधी कित्येक महिने ती खोली मांजराला बंद ठेवली असेल तरच उपयोग. हे त्या पाहुण्याला निघण्यापूर्वी कळले तर तो औषध बरोबर आणेल, किंवा रात्रीच्या मुक्कामाची सोय दुसरीकडे करील. घरात गरोदर स्त्री येणार असली तर बहुतेक वेळा मांजराला घराबाहेर ठेवण्याचा सल्ला मिळतो. टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची ही भीती खोटी नाही, पण तो मांजराच्या विष्ठेतून येतो आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोजच्या रोज, गरोदर स्त्रीखेरीज दुसऱ्या कोणी साफ केला आणि हात नीट धुतले, तर हा धोका फार कमी होतो. उलट न धुतलेल्या भाज्या व कच्चे मांस यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. आणि ज्याला मांजराची नुसती भीती वाटते त्यालाही ती वाटण्याचा हक्क आहे. राखीव खोलीचा उपयोग मांजराइतकाच त्यालाही होतो.

सुट्टीत मांजराला आपल्याबरोबर नातेवाइकांकडे न्यावे का, असा प्रश्न या संदर्भात मला काहींनी विचारला. शक्यतो नेऊ नये. मांजर जसे माणसांना धरून असते तसे किंवा त्याहूनही अधिक जागेला धरून असते. ओळखीच्या शेजाऱ्याने दिवसातून दोनदा येऊन वाटी, पाणी व ट्रे पाहिला तर आपल्या घरातच ते अधिक सुखात राहते. न्यायचेच असेल तर प्रवासाची टोपली निघायच्या दिवशी माळ्यावरून काढू नये, दोन-तीन आठवडे आधी ती उघडी घरात ठेवून त्यात त्याला झोपू द्यावे, आणि तिकडे पोहोचल्यावरही पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे.

मूळ मुद्दा भिडेचा आहे. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे वर्षानुवर्षे मुलांकडून फळ्यावर लिहून घेणारी मी, सख्ख्या नणंदेला ‘बॅग बंद ठेव, मनीला उचलू नकोस’ एवढे दोन शब्द पाच दिवस सांगू शकले नाही. पाहुण्यांना कमी-जास्त वाटू नये म्हणून मी मनीला, भाच्याला आणि शेवटी पाहुण्यांनाही त्रासात घातले. दिवाणाच्या प्रसंगानंतर नणंद मला म्हणाली, ‘आधी सांगितलं असतंस तर आम्ही कुत्र्याच्या अंगाखालची बॅग आणली नसती.’ इतके ते साधे होते. तेव्हा यंदा निमंत्रणाबरोबरच मी एक निरोप पाठवला. त्यात बॅगा कपाटात राहतील, फळी आणि यंत्र बंद करताना आत पाहिले जाईल, बाहेरच्या दाराशी एक जण मागे वळून पाहील, वाटी भरण्याचे काम फक्त माझ्याकडे राहील आणि मनीची खोली सासूबाईंच्याच खोलीत असेल, असे लिहिले होते. कोणालाही राग आला नाही. शाल या वेळी धुतलेली नाही आणि ट्रे बोळातच आहे. पाहुण्यांना तो दिसेल.

निरोपाला सर्वांत आधी उत्तर आले ते भाच्याचे. तो आता सहा वर्षांचा आहे. त्याने खोलीच्या दारावर लावायला एक पाटी स्वतः रंगवून पाठवली आहे : ‘मनिची खोलि. आधि डोळे मिटा.’ तिन्ही ठिकाणी वेलांटी चुकली आहे. मी ती तशीच लावली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका